वाचणारा यानंतर काय करणार?

१९ मार्च १९५३ रोजी फ्रान्सिस क्रिक यांनी केंब्रिजहून आपल्या बारा वर्षांच्या मुलाला एक सात पानी पत्र लिहिलं. मायकेल तेव्हा बोर्डिंगच्या शाळेत होता. आपण आणि जिम वॉटसन यांनी डीएनएची रचना शोधून काढली आहे, ती कशी दिसते, तिच्यात चार प्रकारचे घटक कसे असतात, त्यांच्या जोड्या कशा ठरलेल्या असतात, दोन साखळ्या सुट्या झाल्या की प्रत्येकीवरून दुसरी कशी तयार होऊ शकते आणि जीवातून जीव निर्माण होण्याचं मूळ बहुधा इथेच कसं आहे, हे सगळं क्रिकनी मुलाला आकृत्या काढून सांगितलं. ‘नेचर’मधला शोधनिबंध यायला अजून महिनाभर अवकाश होता. तो २५ एप्रिलला आला, जेमतेम एका पानाचा. त्यात रेणूची रचना आहे, मोजमापं आहेत, इतरांनी सुचवलेल्या रचना का पटत नाहीत तेही आहे. डीएनएची प्रत कशी निघत असावी याबद्दल मात्र एकच सावध वाक्य आहे. क्रिकना त्यावर अधिक लिहायचं होतं, वॉटसन कचरत होते, आणि ते वाक्य म्हणजे दोघांमधली तडजोड होती, असं क्रिकनी पुढे आठवणींत सांगितलं आहे. सविस्तर मांडणी ३० मेच्या दुसऱ्या निबंधात झाली.

म्हणजे जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना जे एका आडून बोललेल्या वाक्यात मिळालं, ते एका शाळकरी मुलाला आधीच उलगडून मिळालं होतं. शास्त्रीय मजकूर ‘सामान्यांसाठी’ लिहायचा म्हणजे त्यातलं काहीतरी काढून टाकायचं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. क्रिकचं पत्र तिला बसत नाही. ‘नेचर’चा वाचक हातात पेन्सिल घेऊन चुका शोधणार होता. त्याच्यापुढे जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच ठेवणं शहाणपणाचं होतं. मायकेल चुका शोधणार नव्हता. तो सुट्टीत घरी येऊन वडिलांचं मॉडेल बघणार होता. त्याला शोधाचा गाभा हवा होता आणि तो पूर्ण मिळाला.

पीएचडी करणारे, कृषी विद्यापीठांत, वैद्यकीय महाविद्यालयांत, प्रयोगशाळांत काम करणारे जे वाचक आहेत, त्यांना वर्षभरात किती प्रकारचं लिहावं लागतं हे वेगळं सांगायला नको. शोधनिबंध, ग्रँटचा अर्ज, संचालकांना अहवाल, जिल्हा परिषदेला पत्र, वर्तमानपत्राला प्रेसनोट, शाळेतल्या विज्ञानदिनाचं भाषण. यांतलं पहिलं सोडून बाकी काही आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग आपण शोधनिबंधच कापतो. अहवाल म्हणजे निबंधाचा सारांश, प्रेसनोट म्हणजे सारांशाचा सारांश आणि भाषण म्हणजे उरलंसुरलं. हे चालत नाही, कारण कापल्याने लांबी बदलते, मांडणी तीच राहते.

त्याऐवजी एक सवय लावून घ्या. लिहायला बसल्यावर कागदाच्या माथ्यावर एक ओळ लिहा: हे वाचून झाल्यावर वाचणारा काय करणार? ‘त्याला माहिती होईल’, ‘जाणीव वाढेल’ ही उत्तरं बाद समजा. क्रियापद हवं, आणि ते डोळ्यांना दिसणारं हवं. समीक्षक तपासेल. ग्रँटच्या समितीतला प्राध्यापक तुमचा अर्ज दुसऱ्या एखाद्या अर्जाच्या वर किंवा खाली लावेल. कार्यकारी अभियंता सही करेल, किंवा नस्ती परत पाठवेल. बाई हंडा घेऊन दुसऱ्या हातपंपावर जाईल. हे क्रियापद सापडलं की काय आधी लिहायचं, काय मागे टाकायचं, कुठला आकडा ठेवायचा, हे बरंचसं आपोआप ठरतं. सापडलं नाही, तर लिहायची घाई करू नका. कदाचित ते लिहिण्याची गरजच नसेल.

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. विदर्भातल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असतं, हे खरं आहे. समजा, तुम्ही अशाच एका तालुक्यातल्या ४० हातपंपांचं पाणी मे महिन्यात तपासलं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. तुमच्या ४० पैकी १४ पंपांत ते १.५ च्या वर निघालं, सर्वांत जास्त ४.२. हे १४ पंप सहा गावांत आहेत. एवढंच. आता हे कुणाकुणाला कसं सांगायचं?

शोधनिबंधाबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ते येतं. तिथला वाचक तुमचं काम पुन्हा करून बघू शकला पाहिजे. म्हणून नमुने कसे घेतले, कोणत्या बाटल्यांत, मोजणी कोणत्या इलेक्ट्रोडने, दुबार मोजणीत फरक किती आला, खडक कोणता, हे सगळं हवं. गावांची नावं मात्र तिथे दुय्यम असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ग्रामसभेत नेमकं याच्या उलट होणार आहे.

ग्रँटचा अर्ज फसवा असतो. तो वाचणारेही शास्त्रज्ञच, म्हणून आपण निबंधाच्याच भाषेत लिहून मोकळे होतो. पण समितीत तुमच्या विषयाचा एखादाच असतो. बाकीचे शेजारच्या गल्लीतले: कुणी वनस्पतिशास्त्रातला, कुणी पदार्थविज्ञानातला. त्यांच्यापुढे अर्जांची चळत असते, आणि त्यांचं काम तुमची पद्धत तपासण्यापेक्षा क्रम लावण्याचं असतं. त्यांना दोन गोष्टी कळायला हव्यात. हे केलं नाही तर काय अडून राहील? आणि तुमचा अंदाज चुकला तरी हाती काय उरेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्जात फार कमी जण देतात. देणाऱ्याचा अर्ज वर सरकतो, असं माझं निरीक्षण आहे. सरावासाठी ‘पीएनएएस’ या अमेरिकी जर्नलची पद्धत उचला. तिथे प्रत्येक निबंधासोबत १२० शब्दांच्या आतलं एक टिपण मागतात, आपल्या शाखेबाहेरच्या शिकलेल्या माणसाला कामाचं महत्त्व कळेल असं. स्वतःच्या कामावर हे १२० शब्द मराठीत लिहून बघा. विज्ञानाचे पारिभाषिक शब्द हाताशी नसले की आपल्यालाच विषय किती कळला आहे ते उघडं पडतं.

सही करणारा वाचक

आता अवघड भाग. निर्णय घेणाऱ्या माणसासाठी लिहिणं.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडालं. दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना बोईंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. त्यातली एक स्लाइड पुढे अपघाताच्या चौकशी अहवालात छापली गेली. तिचं शीर्षक दिलासा देणारं होतं. जुन्या चाचण्यांवरून पाहता आपलं गणित धोका कमी नव्हे, जास्तच दाखवतं, असा त्याचा अर्थ निघत होता. त्याखाली मुद्दे, त्यांच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्याही पोटात आणखी. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, खरी बातमी होती: चाचण्या झाल्या त्या ३ घनइंचाच्या तुकड्यांवर, आणि आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १,९२० घनइंचांचा. आपल्या मापात सांगायचं तर पन्नासेक घनसेंटिमीटरच्या तुकड्यावरून ३१ लिटर आकारमानाच्या तुकड्याबद्दल अनुमान चाललं होतं. ६४० पट. म्हणजे या प्रसंगासाठी चाचणीचा काही आधारच नव्हता. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले.

अपघात एका स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. नासाची कामाची संस्कृती, वेळापत्रकाचं ओझं, पूर्वी फोम लागूनही सुखरूप परतलेली यानं, अशी कारणं अनेक होती. पण त्या स्लाइडमध्ये खोटं एकही अक्षर नव्हतं, याकडे बघा. अभियंत्यांनी सगळं सांगितलं होतं, फक्त अभियंत्याच्या क्रमाने: आधी काय उपलब्ध आहे, मग गणित, मग मर्यादा. शोधनिबंधात हाच क्रम असतो आणि तिथे तो बरोबरच आहे. सही करणारा माणूस शीर्षक वाचतो, पहिल्या दोन ओळी वाचतो आणि शेवटी मागणी काय आहे ते बघतो. मधलं तो तुमच्या भरवशावर सोडतो. त्याच्यासाठी मर्यादा हीच मुख्य बातमी असेल, तर ती शीर्षकात हवी होती: ‘एवढ्या मोठ्या तुकड्यासाठी आपल्याकडे चाचणीच नाही’.

आपल्या १४ हातपंपांकडे या. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला पाठवायच्या पत्राचा विषय ‘भूजलातील फ्लोराइडच्या प्रादेशिक वितरणाचा अभ्यास’ असा लिहिलात, तर ते पत्र ‘माहितीस्तव’ म्हणून फाइलला लागेल आणि तिथेच विसावेल. विषय असा लिहा: ‘सहा गावांतील १४ हातपंपांचे पाणी पिण्यास अयोग्य आढळल्याबाबत व पर्यायी पाणी पुरवण्याबाबत’. पहिल्या परिच्छेदात गावांची नावं, प्रत्येक पंपाची जागा, आलेला आकडा आणि मानक. दुसऱ्यात काय करावं हे: कोणत्या गावात चालू असलेली नळयोजना आहे, कुठे जवळच सुरक्षित विहीर आहे, कुठे टँकरशिवाय मार्ग नाही. खर्चाचा ढोबळ अंदाज येत असेल तर द्या. येत नसेल तर कुणाकडून येईल ते लिहा. शेवटी ‘सबब’ म्हणून एकच मागणी. तीन मागण्या केल्या की तिसरी, सगळ्यांत सोपी, मान्य होते आणि पहिल्या दोन तशाच राहतात.

अभ्यासाच्या मर्यादा इथेही लिहायच्याच, पण वेगळ्या तऱ्हेने. निबंधात तुम्ही लिहाल की नमुने फक्त मे महिन्यातले आहेत, पावसाळ्यानंतर आकडे बदलू शकतात. हेच वाक्य पत्रात जसंच्या तसं टाकलंत तर अधिकारी अगदी रास्तपणे म्हणेल, ‘मग पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, तेव्हा बघू.’ त्याला हवं आहे ते या मर्यादेचा निर्णयावर काय परिणाम होतो ते. तेव्हा पुढचं वाक्य तुम्हीच लिहा: ‘ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी करावी. मात्र मुलांच्या दातांवर होणारा परिणाम कायमचा असल्याने हे १४ पंप तोपर्यंत पिण्यासाठी वापरू नयेत.’ संशय लपवायचा नाही, आणि तो दुसऱ्याच्या टेबलावर नुसता टाकूनही द्यायचा नाही. त्यातून काय निष्पन्न होतं ते सांगणं हे तुमचंच काम आहे, कारण ते सांगू शकणारा त्या इमारतीत दुसरा कुणी नसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. पत्र कुणाच्या नावे जातं यापेक्षा ते कुणाच्या टेबलावरून पुढे सरकतं हे शोधा. तो कारकून किंवा कनिष्ठ अभियंता हा तुमचा खरा पहिला वाचक. त्याला वर टिपणी लिहायची असते. तुमच्या पत्रातली तीन वाक्यं त्याला जशीच्या तशी उतरवून घेता आली, तर तुमचं काम निम्मं झालं.

ग्रामसभेत

गावात बोलताना बहुतेक शास्त्रज्ञ ‘फ्लोराइड म्हणजे काय’ इथून सुरुवात करतात. आवर्तसारणी येते, हाडांच्या चित्रांचा तक्ता येतो. लोक ऐकून घेतात, कारण पाहुण्याला मध्ये तोडायची रीत नाही. त्यांच्या मनातले प्रश्न मात्र निराळेच असतात आणि त्यांचा क्रम सहसा ठरलेला असतो. आमचा पंप चांगला की वाईट? स्वयंपाकाला चालेल का? आंघोळीला, धुण्याला? जनावरांना? उकळून प्यायलं तर? मग आणायचं कुठून? आणि शेवटी, हे झालं कुणामुळे?

भाषणाचा आराखडा म्हणून हीच यादी घ्या. पंपांची नावं लोक ज्या नावांनी ओळखतात त्याच नावांनी घ्या: मारुतीच्या पारावरचा, शाळेमागचा, अमक्याच्या गोठ्याजवळचा. तुमचा नमुना क्रमांक तुमच्यापाशीच राहू द्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला नको, आंघोळीला-धुण्याला चालेल, हे स्पष्ट सांगा. जनावरांबद्दल जाण्याआधीच पशुवैद्यकाला विचारून ठेवा, तिथे अडखळू नका. उकळण्याचा प्रश्न तर कुणी विचारला नाही तरी उत्तर द्या. पाणी उकळून प्या असं लोकांना आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. जंतूंसाठी ते बरोबर आहे, पण फ्लोराइड उकळून जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट किंचित वाढतं. आधीच्या चांगल्या सल्ल्याशी तुमचा नवा सल्ला कुठे भांडतो हे शोधून ती गाठ तुम्ही सोडवली नाही, तर ती माउली इमानेइतबारे पाणी उकळून पोरांना पाजत राहील. आणि शेवटच्या प्रश्नाला, खडकातून येतं, कुणी मिसळलेलं नाही, हे दोनदा सांगा. गावात पाण्यावरून आधीचं काही शिजत असेल तर तीनदा.

वाचणाऱ्याचं क्रियापद पक्कं ठाऊक असलं की लेखन कुठवर जाऊ शकतं, याचं मला भावणारं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गावांत बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल तर तो वेगवान. गावातल्या दायांनी हे ओळखावं अशी योजना होती, पण त्यांच्यापैकी अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. दहा-बारापर्यंत येत होतं. तेव्हा श्वास मोजायचं एक साधन तयार झालं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया. वैद्यकाचा निकष तसूभरही न बदलता मण्यांत लिहिला गेला, आणि त्याच साधनाबद्दलचा निबंध १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात, तिथल्या रीतीने, छापून आला.

याच कामाचे इतर अवतारही बघण्यासारखे आहेत. ‘लॅन्सेट’मधल्या १९९९ च्या निबंधात प्रशिक्षित ग्रामीण महिलांनी घरच्या घरी नवजात बाळांची केलेली देखभाल, तुलनेसाठी निवडलेली वेगळी गावं आणि मृत्युदरात झालेली ६२ टक्क्यांची घट हे सगळं त्या नियतकालिकाच्या काटेकोर साच्यात आहे. शीर्षकात पद्धत आणि प्रदेश आहे, भावनेचा लवलेश नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंबद्दलचा मराठी अहवाल आला तेव्हा त्याचं नाव होतं ‘कोवळी पानगळ’. त्या अहवालाचा वाचक सरकार होता, आणि सरकारला प्रश्न विचारू शकणारी मराठी जनताही होती. लंडनच्या संपादकाला पानगळ चालली नसती. मुंबईच्या विधानभवनात नुसती टक्केवारी कुणी ऐकली नसती. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम झाला. दायांचे मणी, ‘लॅन्सेट’चे तक्ते आणि दोन शब्दांचं ते शीर्षक, यांतलं एकच निवडलं असतं तर तो झाला असता का, मला शंका आहे.

सोपं करण्याची किंमतही असते, आणि ती कोण मोजतं हे बघावं लागतं. बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक सापडल्यावर जवळपास पन्नास लाख कूपनलिका तपासून रंगवण्यात आल्या: लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर लाल, खाली असेल तर हिरवी. निरक्षर माणसालाही कळेल असं हे लेखन. पण जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे १२ ची नळीही हिरवी आणि ४९ चीही हिरवी. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. दोन रंगांनी लाखो लोकांची सवय बदलता येते, पाच रंगांनी गोंधळच होतो. मात्र सीमारेषा कुठे ओढली आणि तिच्या अलीकडे काय दडलं, हे तुमच्या वहीत आणि अधिकाऱ्याच्या पत्रात लिहिलेलं हवं. आपल्याकडेही ग्रामपंचायतींना पाण्याच्या सर्वेक्षणानंतर लाल, पिवळी, हिरवी कार्डं देतात. पुढच्या वेळी गावातलं हिरवं कार्ड दिसलं तर ते कशाच्या आधारावर मिळालं हे विचारून बघा. रंग पाठ असतात, निकष क्वचितच.

बातमी

वर्तमानपत्राचा वाचक तुमचा मजकूर चहा घेताघेता वाचणार आणि घरात कुणालातरी सांगणार. सांगताना एकच वाक्य उरतं. ते कोणतं उरावं हे तुम्ही ठरवा, नाहीतर उपसंपादक ठरवेल.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी तशीच छापून आली. दुप्पट हे खरं होतं. पण कशाच्या दुप्पट? आधी सात हजार बायकांत एकीला व्हायचं, ते दोघींना होऊ लागलं. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्याच सोडल्या. नको असलेली गर्भारपणं वाढली, आणि पुढच्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो, हे कुणी त्याच वाक्यात सांगितलं नव्हतं.

तेव्हा बातमीसाठी लिहिताना पट आणि टक्के एकटे सोडू नका. ‘मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट फ्लोराइड’ हे ४.२ च्या त्या एका पंपाबद्दल खरं आहे, पण मथळ्यात गेलं की अख्खा तालुका विषारी होतो आणि चांगल्या २६ पंपांवरूनही लोक उठतात. ‘४० पैकी १४ हातपंपांचं पाणी पिऊ नका, २६ सुरक्षित’ हा मथळा तुम्हीच प्रेसनोटवर लिहून द्या. त्यात बातमी आहे, म्हणून तो टिकायची शक्यता बरी. पंपांची यादी सोबत जोडा. रात्री नऊपर्यंत फोन उचला, कारण वार्ताहराची शंका त्याच वेळी येते. संपूर्ण मजकूर छापण्याआधी दाखवा असा आग्रह धरू नका, कुणी मानत नाही. आकडे आणि गावांची नावं तेवढी फोनवर वाचून दाखवा म्हणा. हे बहुतेक जण आनंदाने करतात.

मुलांसाठी लिहिण्याबद्दल एवढंच सांगतो की त्यांचं क्रियापद ‘पुढचा प्रश्न विचारणं’ हे आहे. जयंत नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते त्यांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली सही करून पाठवत. पोस्टकार्डाच्या जागेत मावेल एवढंच उत्तर. विश्वाच्या उत्पत्तीवर जगाशी वाद घालणारा माणूस एवढ्याशा जागेत लिहू शकत होता, तर हातपंपाचं पाणी पाचवीच्या वर्गाला समजावताना आपल्याला वीस स्लाइड लागायचं कारण नाही.

पाठवण्याआधी

या सगळ्या रूपांसाठी आकड्यांचा कागद मात्र एकच ठेवा. एका पानावर तुमचे पाच-सात मुख्य आकडे, त्यांची एककं, तारीख आणि प्रत्येकाची अनिश्चितता. निबंध, पत्र, भाषण, बातमी, सगळे आकडे याच पानावरून उचलायचे. नाहीतर निबंधात १.५, पत्रात ‘दीडपेक्षा जास्त’, भाषणात ‘दोनच्या आसपास’ असं होत जातं, आणि कुणी तिन्ही शेजारी ठेवून वाचलं की तुमच्यावरचा विश्वास उडतो. असं वाचणारं कुणीतरी नेहमी निघतं.

मसुदा तपासायला आपल्या गाईडकडे देऊ नका. तो निबंध समजूनच वाचेल. ज्याच्यासाठी लिहिलंय तशा एकाला वाचायला द्या आणि ‘कळलं का?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’ येतं. ‘मग आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा. ग्रामसेवक म्हणाला, ‘वर कळवीन,’ तर पत्र अजून व्हायचं आहे. म्हणाला, ‘उद्या शाळेमागच्या पंपाला लाल रंग लावतो,’ तर पाठवा.

कुणाला आधी सांगायचं हाही लेखनाचाच भाग आहे. ज्यांचं पाणी आहे त्यांना स्वतःच्या पंपाबद्दल वर्तमानपत्रातून कळू नये. जर्नलची छापण्याआधी बोलू नये अशी अट असेल, तर ती नमुने घेण्याआधीच वाचून घ्या. लोकांच्या आरोग्याचा तातडीचा प्रश्न असेल तर संपादकांना तसं कळवून सवलत मागता येते, आणि अनेक जर्नलं ती देतात.

आणि दुरुस्तीचं काय? निबंधात चूक निघाली तर जर्नल शुद्धिपत्र छापतं, ते मूळ निबंधाला कायमचं जोडलेलं राहतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकाला अशी सोय नाही. ऑक्टोबरच्या तपासणीत १४ पैकी दोन पंप सुरक्षित निघाले, किंवा चांगल्यांपैकी एक बिघडला, तर पंपावरचा रंग खरवडायला आणि नवा लावायला कुणीतरी गावात जावं लागतं. म्हणून पत्रकावर तपासणीची तारीख आणि पुढच्या तपासणीचा महिना मोठ्या अक्षरात छापा, ज्याला फोन करायचा त्याच्या कार्यालयाचं नाव द्या, आणि तो डबा-ब्रश घेऊन जाणारा माणूस कोण, त्याचा प्रवासखर्च कुठल्या हेडखाली, हे ग्रँटच्या अर्जातच लिहून ठेवा.